ओढ्याच्या पाण्याची परीक्षा

नदीचें मूळ व ऋषीचें कूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ऋषीच्या कुळाविषयीं आम्हांस कांहीं बोलावयाचें नाहीं. परंतु ज्या ओढ्यांत मुलें डुंबतात व ज्यांत मासे वाढतात, त्याचें मूळ शोधल्यावांचून गत्यंतर नाहीं. पाणी नितळ दिसलें म्हणजे तें शुद्ध आहे, असा समज सर्वत्र रूढ आहे. हा समज कितपत खरा आहे, व शाळेंतील विद्यार्थ्यांस साध्या साधनांनीं ओढ्याची परीक्षा कशी करितां येईल, ह्याचा विचार ह्या लेखांत करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ‘पाणी चांगलें आहे काय?’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणासाठीं चांगलें, हें आधीं विचारिलें पाहिजे. माशास पाण्यांत विरलेला प्राणवायु हवा असतो. मनुष्यास हगवण लावणारे जंतु त्या पाण्यांत आहेत कीं नाहींत, ह्याची त्यास फारशी क्षिति नसते. उलटपक्षीं, पोहणाऱ्या मुलास पाण्यांतील प्राणवायूची गरज नाहीं; परंतु दूषित पाण्याचा एक घोट पोटांत गेला, किंवा पायाच्या जखमेंतून जंतु शिरले, तर तेवढेंहि त्यास आजारी पाडण्यास पुरेसें होतें. नळाचें क्लोरीन घातलेलें पाणी आपण निर्धास्तपणें पितों. तेंच काचेच्या पात्रांतील माशांस घातक ठरतें. तेव्हां ओढ्याची परीक्षा दोन विषयांची आहे, व एका विषयांत उत्तीर्ण झालेला ओढा दुसऱ्या विषयांत अनुत्तीर्ण होऊं शकतो.

सन १९७४ मध्यें स्थापन झालेल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें हाच भेद मान्य करून, उपयोगानुसार पाण्याचे पांच वर्ग पाडिले आहेत. त्यांपैकीं दोन वर्गांशीं आपणांस कर्तव्य आहे. उघड्यावरील स्नानास योग्य अशा पाण्यांत, दर लिटरास निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायु असावा. पांच दिवसांची जैविक प्राणवायु-मागणी ३ मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसावी. आणि कोलिफॉर्म जातीच्या जंतूंची गणना दर १०० मिलिलिटरांस ५०० हून अधिक नसावी. वन्य जीव व मासे ह्यांच्यासाठीं प्राणवायु ४ मिलिग्रॅम असला तरी चालतो, मात्र मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या आंत पाहिजे. दोन्ही वर्गांत पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ असावा. माशांच्या वर्गांत कोलिफॉर्मची अट मुळींच नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

उदाहरणासाठीं पुण्याच्या पश्चिमेची रामनदी घेऊं. नांवानें ती नदी असली तरी आकारानें ओढाच आहे. भुकूमजवळच्या डोंगरांत उगम पावून, भूगांव, बावधन, पाषाण व सोमेश्वरवाडी ह्या मार्गानें ती औंधाच्या बाजूस मुळेस मिळते. वीस किलोमीटरांहून कमी लांबीच्या ह्या प्रवाहास डोंगरउतार, शेत, तलाव व दाट वस्ती हे सर्व भेटतात. वस्तीचें सांडपाणी मिसळून तिच्या खालच्या भागाची काय दशा झाली आहे, हें पुणेकरांस सांगावयास नको. अशा प्रवाहाची एकाच जागीं बाटली भरून परीक्षा केली, तर ती हत्ती चांचपणाऱ्या आंधळ्यांच्या निर्णयासारखी एकांगी होईल. म्हणून पहिलें काम बाटलीचें नसून पायांचें आहे. उगमाकडून खालीं चालत यावें. नाले कोठें मिळतात, गुरें कोठें उतरतात, कपडे कोठें धुतात, कचरा कोठें टाकितात, ह्याची नोंद नकाशावर करावी. आणि निदान तीन ठिकाणें निवडावीं: एक सांडपाण्याच्या वर, दुसरें त्याच्या लगेच खालीं, व तिसरें बरेंच पुढें.

आतां प्राणवायूकडे वळूं. थंड पाण्यांत प्राणवायु अधिक विरतो, उष्ण पाण्यांत कमी. समुद्रसपाटीस २० अंश सेल्सियस तपमानाच्या निर्मळ पाण्यांत दर लिटरास सुमारे ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशांस सुमारे ७.६ मिलिग्रॅम एवढाच तो मावतो. म्हणून थर्मामीटरवांचून प्राणवायूचा आंकडा अर्थहीन होय. तो मोजण्याची रीति हंगेरीचे रसायनज्ञ लायोश विंकलर ह्यांनीं १८८८ मध्यें प्रसिद्ध केली. बाटली पाण्याखालीं धरून, बुडबुडा न राहील अशी भरावी. तींत मँगनीज सल्फेट व आयोडाइडयुक्त अल्क यांचीं द्रावणें घालितांच सांका तयार होतो. तो तपकिरी असल्यास प्राणवायु आहे, पांढराच राहिल्यास जवळजवळ नाहीं, असें समजावें. पुढें आम्ल घालून सुटलेलें आयोडीन थायोसल्फेटनें मोजतात. शेवटीं पिष्टाचा निळा रंग नाहींसा होतो तोच मोजणीचा अंत. आम्ल व अल्क हाताळावयाचीं असल्यानें हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालींच करावा.

सांडपाणी मिसळलें कीं त्यांतील सेंद्रिय द्रव्यावर सूक्ष्म जंतु तुटून पडतात व तें पचवितांना प्राणवायु वापरून टाकितात. हवेंतून नवा प्राणवायु विरत असतोच. परंतु खर्च मिळकतीहून अधिक झाला म्हणजे शिल्लक घटत जाते. पुढें खाद्य संपत आलें कीं शिल्लक पुन्हां वाढूं लागते. अमेरिकेंतील ओहायो नदीच्या अभ्यासावरून स्ट्रीटर व फेल्प्स ह्यांनीं १९२५ मध्यें ह्या जमाखर्चाचें गणित मांडिलें. नाल्याच्या तोंडाशीं पाणी बरें दिसावें व कांहीं अंतर खालीं मासे मरावे, ह्या विलक्षण गोष्टीचा उलगडा त्यानें होतो.

वेळेचेंहि महत्त्व थोडें नाहीं. शेवाळानें हिरवा झालेला ओढा दुपारच्या उन्हांत प्राणवायूनें भरलेला असतो, कारण वनस्पति तो निर्माण करीत असतात. रात्रीं मात्र त्याच वनस्पति तो वापरतात, व पहांटे तो नीचतम पातळीस येतो. दुपारीं दोन वाजतां मोजणाऱ्यास जेथें सर्व कुशल दिसतें, तेथेंच उजाडतांना मासे तोंडें वर काढून धापा टाकीत असतात. म्हणून माशांसाठीं घ्यावयाचा नमुना पहांटेचा असावा. हेंच शेवाळ दुपारीं पाण्याचा पीएचहि वाढवितें, आणि पीएच वाढला कीं अमोनियाचा विषारी, मुक्त अंश वाढतो: २५ अंश तपमानास पीएच ७ असतां तो शेंकडा एकाहूनहि कमी, तर ८.५ असतां शेंकडा १५ च्या आसपास असतो.

परंतु कोणतीहि बाटली त्या क्षणाचीच साक्ष देते. महिनोन् महिने त्याच जागीं राहणारे साक्षीदार दगडांखालीं सांपडतात. चार-पांच दगड उचलून त्यांखालील जीव चाळणींत धरावे व पांढऱ्या बशींत पाहावे. सपाट अंगाचीं, बाजूंस कल्ले व शेपटीस बहुधा तीन धागे असलेलीं मेफ्लायचीं पिलें, किंवा वाळूच्या कणांचें घर करून राहणाऱ्या कॅडिस माशीच्या अळ्या विपुल असतील, तर पाण्यांत प्राणवायूचा दुष्काळ बरेच दिवस पडलेला नाहीं असें मानण्यास हरकत नाहीं. उलट चिखलांत केवळ तांबड्या अळ्या व बारीक तांबडे कृमि वळवळत असतील, तर पाणी प्राणवायूस महाग झालें आहे. त्यांचा तांबडा रंग रक्तांतील हिमोग्लोबिनासारख्याच द्रव्याचा असून, अल्प प्राणवायु धरून ठेवण्यास तें त्यांस साह्य करितें. माशांवरूनहि अनुमान करितांना सावध असावें. मरळ व मांगूर हे हवेंतील श्वास घेऊं शकतात, व गप्पी मासे घाण पाण्यांतहि टिकतात; तेव्हां ‘मासे आहेत’ एवढी साक्ष पुरेशी नाहीं, कोणते आहेत हें विचारावें. पाहणी झाल्यावर जीव पाण्यांत सोडावे व दगड होते तसे ठेवावे.

दुसऱ्या विषयाची, म्हणजे स्नानाची परीक्षा डोळ्यांनीं होत नाहीं. सन १८८५ मध्यें थिओडोर एशेरिख ह्यांनीं वर्णिलेला, आतां ई. कोलाय ह्या नांवानें प्रसिद्ध असलेला जंतु मनुष्याच्या व उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आंतड्यांत राहतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी आहेत. परंतु तो पाण्यांत सांपडला म्हणजे विष्ठा पाण्यांत पोहोंचली आहे, व तिच्याबरोबर रोगजंतूंसहि वाट मोकळी आहे, असें ठरतें. ही तपासणी शाळेंत करूं नये. निर्जंतुक बाटलींत नमुना घ्यावा, बर्फांत ठेवावा व शक्य तर सहा तासांच्या आंत प्रयोगशाळेस पोहोंचवावा. जोराच्या पावसानंतर रस्त्यांवरील व शेतांतील घाण धुपून येत असल्यानें, एरव्हीं बरा असलेला ओढाहि दोन-तीन दिवस वर्ज्य समजावा. लेप्टोस्पायरोसिस हा रोग उंदीर व गुरें ह्यांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून, जखमांच्या वाटे शिरतो, हेंहि विसरूं नये. शिवाय कांच, खोल डोह व अकस्मात् येणारा पूर ह्यांचा धोका कोणत्याहि रसायनानें कळत नाहीं.

आतां एक काल्पनिक हिशेब मांडूं. समजा, पहांटे घेतलेल्या नमुन्यांत नाल्याच्या वर प्राणवायु ७, खालीं २, व पुढें तिसऱ्या ठिकाणीं ५.५ मिलिग्रॅम भरला. अमोनिया व पीएच मर्यादेंत आले. आणि तिसऱ्या ठिकाणच्या दगडांखालीं मेफ्लायचीं पिलें आढळलीं. ओढा सुधारला, असा आनंद सर्वांस होईल, व माशांपुरता तो रास्तहि आहे. परंतु प्रयोगशाळेंतून कोलिफॉर्मची गणना ४,००० आली, तर काय म्हणावें? मासे राहोत, मुलांनीं त्या पाण्यांत उतरूं नये. असा निर्णय अप्रिय असतो, विशेषतः उन्हाळ्याच्या सुटींत. तथापि पाहुण्यांस पाणी नितळ दिसतें म्हणून, किंवा आजोबा तेथेंच पोहावयास शिकले म्हणून, आंकडा बदलत नाहीं. आजोबांच्या काळीं वरच्या अंगास ती वस्ती नव्हती.

शेवटीं, परीक्षेचा निकाल वहींत पडून राहूं नये. तीं तीन ठिकाणें, तारीख, वेळ, तपमान, पावसाची नोंद व मिळालेले आंकडे स्वच्छ अक्षरांत लिहून ते ग्रामपंचायतीस किंवा नगरपालिकेस द्यावे. ‘ओढा घाण आहे’ ह्या तक्रारीपेक्षां ‘अमुक नाल्याच्या वर सात, खालीं दोन’ हें वाक्य दुर्लक्षिणें कठीण असतें. आणि तींच ठिकाणें पुढील वर्गानें पुढील वर्षीं, त्याच ऋतूंत, पुन्हां तपासावीं. ओढ्याच्या वरच्या अंगास राहणारास खालचा शेजारी दिसत नाहीं. तो आहे, व त्याचीं मुलें पाण्याकडे धांवत आहेत, एवढें त्यास दाखवून देण्याचें काम ह्या वहीनें केलें, तर विद्यार्थ्यांचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.