अंगणातली पावले

जत्रा महिन्यावर आली की गावात लेझमीचा सराव सुरू होतो. रात्री जेवणं झाली की चावडीपुढे हलगी वाजते. मंडळी गोळा होतात. पण ओळी आता पूर्वीसारख्या भरत नाहीत. शिकलेली पोरं पुण्या-मुंबईला गेली. कुणी रांजणगावला कारखान्यात, कुणी वाशीला हमालीत. ती जत्रेच्या दिवशी येतील, सरावाला येणार नाहीत. मग ओळ भरायची कुणी? चाळिशी-पंचेचाळिशीच्या माणसांनी.

त्यांची हौस असते. पण सवड नसते. एकाला रात्रीची लाईट आली की पाणी धरायला मळ्यात जावं लागतं. दुसरा साखर कारखान्यात पाळीवर जातो. तिसऱ्याला पहाटे उठून धारा काढायच्या आणि दूध डेअरीला घालायचं. आठवड्यातून दोन रात्री जेमतेम सरावाला मिळतात. अशा गड्याचं पाऊल चुकतं. मग उस्ताद त्याला मागं काढतो, "तुम्ही बसा, बघा," म्हणतो. एकदा माणूस बघ्यांत बसला की तो पुन्हा ओळीत येत नाही.

हा धडा त्या गड्यासाठी आहे. चावडीपुढचा सराव चुकला तरी घरच्या अंगणात रोज पंधरा मिनिटं पावलं घोटता येतात. बायांनाही हे लागू आहे. पुष्कळ ठिकाणी आता बायांची लेझीम पथकं निघतात.

लेझीम हा शब्द मूळचा फारसी. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेलं, व्यायामाचं धनुष्य असा त्याचा अर्थ. ते ओढून दंड कमवायचे. आजची आपली लेझीम हलकी असते. एक लाकडी दांडा, त्याला सैल साखळी, साखळीत पत्र्याच्या चकत्या, मधे धरायला मूठ. एका हातात दांडा, एका हातात मूठ. साखळी ताणली की आवाज, मिटली की आवाज. शाळांच्या कवायतीत लेझीम आली, गणपतीच्या मिरवणुकीत आली, आणि १९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ झाले तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या गड्यांनी तिथं लेझीम खेळून दाखवली. ते कुणी सिनेमातले नाचे नव्हते, गावाकडचेच गडी होते.

आता कामाचं बोलू.

पहिले काही दिवस लेझीम हातात धरूच नका. ती खुंटीवर राहू द्या. नवा माणूस हातातल्या आवाजाकडे बघतो आणि पाय विसरतो. पाय बसले की हात आपोआप मागं येतो. उलटं होत नाही.

आधी बसूनच ठेका घ्या. आठ आकडे मोजा आणि टाळी द्या. एक, दोन, तीन, चार. पाच, सहा, सात, आठ. एकला टाळी जोरात, पाचला जरा हळू, बाकीच्या अगदी मऊ. भजनाला बसणाऱ्यांना हे नवीन नाही. तबल्यावरचा केरवा आठ मात्रांचाच असतो: धा गे ना ती, न क धी ना. आकडे तोंडाने मोठ्याने म्हणा. मनात म्हटलेले आकडे पळतात. तोंडाने म्हटलेले पळत नाहीत.

मग उभे राहा. गुडघे अगदी ताठ नकोत, किंचित सैल ठेवा. कंबर सरळ. जागच्या जागी पावलं टाका: उजवा, डावा, उजवा, डावा. धपाधप आपटू नका. पावलाचा पुढचा भाग आधी टेकवा, मग टाच. आठ झाले की पुन्हा एक. एकला कोणता पाय आला ते बघा. पुन्हा उजवाच. कारण आठ ही सम संख्या आहे, दोन पायांत ती बरोबर वाटली जाते.

इथवर कुणालाही जमतं. खरी गोम पुढं आहे.

पुढे-मागे जायचं पाऊल घ्या. तीन पावलं पुढं आणि चौथ्याला नुसता टेका. एकला उजवा पाय पुढं. दोनला डावा पुढं. तीनला उजवा पुढं. चारला डावा पाय उजव्याशेजारी आणून नुसता टेकवायचा, अंगाचा भार त्यावर द्यायचा नाही. मग पाचला तोच डावा मागं. सहाला उजवा मागं. सातला डावा मागं. आठला उजवा आणून नुसता टेकवायचा. पुन्हा एकला उजवा पुढं.

आता तुम्ही लिहायला शिकला आहात, त्याचा इथं उपयोग करा. कोळसा घ्या किंवा खडू घ्या आणि अंगणाकडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा:

उ डा उ टे(डा)
डा उ डा टे(उ)

उ म्हणजे उजवा. डा म्हणजे डावा. टे म्हणजे टेका. वरची ओळ पुढं जायची, खालची मागं यायची. वाचत वाचत पाऊल टाका. उस्तादाने सांगितलेलं रात्री ऐकायचं आणि सकाळी विसरायचं, ही ज्यांची जुनी तक्रार आहे, त्यांच्या भिंतीवर उस्ताद आता दिवसभर उभा राहील. दुसरं नवं पाऊल शिकलात की तेही याच खुणांनी वहीत उतरवून ठेवा. उस्ताद म्हातारे होतात. त्यांची पावलं बहुतेक गावांत कुणीच लिहून ठेवलेली नाहीत.

पाऊल चुकतं ते नेमकं कुठं, ते सांगतो. ते चारला आणि आठला चुकतं. टेका द्यायचा तिथं माणूस पुरा पाय रोवतो. अंगाचा भार दोन्ही पायांवर सारखा वाटला जातो. आता पाचला कोणता पाय उचलायचा ते अंगाला कळत नाही. क्षणभर गोंधळ होतो आणि तेवढ्यात हलगी पुढं जाते. म्हणून पाऊल टाकताना एकच विचारायचं: रिकामा पाय कोणता? ज्या पायावर भार नाही तोच पुढचा पाय. पाण्याने भरलेली घागर उचलायला आपण भरला हात वापरत नाही, रिकामा वापरतो. तसंच हे आहे.

टेका नीट पडतो की नाही याची एक परीक्षा आहे. चार म्हणा आणि जागच्या जागी थांबा. टेकवलेला पाय जमिनीपासून बोटभर उचलून बघा. तोल न जाता तो उचलला गेला तर तुमचं बरोबर आहे. अंग कलंडलं तर भार चुकीच्या पायावर आहे. हे दिवसातून दहा वेळा करा. चहा उकळेपर्यंत चुलीपुढं उभ्या उभ्याही होतं.

आठाचं जमलं की सहाचं करून बघा. दादरा सहा मात्रांचा: धा धी ना, धा ती ना. इथं तीन-तीनचे दोन तुकडे. एक-दोन-तीनला उजवा, डावा, उजवा. मग चार-पाच-सहाला डावा, उजवा, डावा. म्हणजे पहिला तुकडा उजव्याने सुरू झाला आणि दुसरा डाव्याने. जोराचं पाऊल एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे पडतं. म्हणून केरव्यात पक्का असलेला गडीसुद्धा तीनच्या चालीत अडखळतो. त्यात त्याचं काही वाईट नाही. तीन ही विषम संख्या आहे आणि पाय आहेत दोन. शाळेतलं गणित इथं पायाखाली येतं.

मोठे कलावंतसुद्धा पावलांच्या याच हिशेबात वर्षं घालवतात. कथक नाचात पहिला धडा तत्काराचा असतो: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पहिल्या चारात उजवा-डावा-उजवा-डावा, आणि पुढच्या चारात डावा-उजवा-डावा-उजवा. म्हणजे चार आणि पाचला डावाच पाय लागोपाठ दोनदा येतो. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ साली नृत्यभारती ही संस्था काढली आणि कथक शिकवलं. तसल्या संस्थांतही आरंभ होतो तो साध्या पावलानेच. आपल्याला त्या वाटेने जायचं नाही. पण तत्काराची ही आठ पावलं रोज पाच वेळा घोटली तर लेझमीला पाय हलका होतो, हे मी शाळेतल्या पोरांवर पाहिलं आहे.

आता जागा कशी हवी? नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण थट्टेने म्हणतो. पण अंगण खरोखरच वाकडं असलं तर घोटा मुरगळतो, हेही तितकंच खरं. शेणाने सारवलेली, वाळलेली, सपाट जमीन सगळ्यांत चांगली. ती पायाला थोडी देते. सिमेंटचा कोबा कडक असतो, त्यावर उड्या मारू नका. ओली शहाबादी फरशी तर नकोच. घोंगडं किंवा पोतं अंथरूनही नको, ते पायात गोळा होतं. रबरी चप्पल घालून पाऊल टाकू नका. अनवाणी बरं.

वेळ म्हणाल तर जेवणाआधीची धरा. भरल्या पोटी नको. दिवसभर उसाला पाणी देऊन किंवा खुरपून आलात तर आधी दहा मिनिटं बसा. आधी जागच्या जागी हळू चाला, अंग तापू द्या, मग पावलं. गुडघा नुसता दुखला तर वेग कमी करा. सुजला तर बंद करा. छातीत दुखलं, दम लागून डोळ्यांपुढं अंधारी आली, तर लगेच खाली बसा आणि डॉक्टरकडे जा. ज्यांना रक्तदाबाचं औषध चालू आहे त्यांनी सरावाआधीच डॉक्टरला विचारून घ्यावं. उगाच हिंमत दाखवू नये.

घरी आरसा मोठा नसतो. त्याचं अडत नाही. रात्री दिव्याकडे पाठ करून भिंतीपुढं उभे राहा. सावली सगळं दाखवते: कंबर वाकली की नाही, मान खाली गेली की नाही. बहुतेकांची मान खाली जाते, कारण ते पाय बघत असतात. पहिले आठ दिवस बघा. पुढं बघू नका.

हल्ली घरोघरी मोबाईल आहे. उस्तादाचं खेळणं त्यात घेऊन ठेवा, पण पाठीमागून घ्या. समोरून घेतलं तर त्याचा उजवा पाय तुमच्या डाव्या हाताला दिसतो आणि सगळं उलटं बसतं. एकदा उलटं बसलेलं पाऊल मोडायला नवं शिकण्याच्या दुप्पट दिवस लागतात. सरावातही उस्तादाच्या समोर न राहता मागं उभे राहा.

मग लेझीम खुंटीवरून काढा. अगदी हळू. पायाचे आकडे चालू ठेवून पहिले दोन दिवस नुसत्या चारलाच आवाज द्या. मग दोनला आणि चारला. मग चारही आकड्यांना. वाकायचं कधी, उठायचं कधी, लेझीम डाव्या अंगाला की उजव्या, याची प्रत्येक गावाची रीत निराळी. ती उस्तादाकडूनच घ्या, घरी मनाने बसवू नका. वेगही एकदम वाढवू नका. हळू लयीत वीस फेऱ्या न चुकता झाल्या तरच पुढची लय. हलगीवाला रंगात आला की लय दुप्पट करतो. तेव्हा तोंडाने आकडे म्हणणं जमत नाही. एक आणि पाच एवढेच म्हणा.

आणि ओळीत उभे राहिल्यावर शेजाऱ्याच्या पायाकडे बघू नका. तुम्ही बघून पाऊल टाकलंत की ते उशिराच पडणार. कान हलगीकडे ठेवा. लांब मिरवणुकीत हलगी एका टोकाला असली तर दुसरं टोक मागं पडतं. त्याला कारण आहे. आवाजाला शंभर फूट जायला सेकंदाचा सुमारे अकरावा भाग लागतो. ऐकायला हे थोडं वाटतं, पण जलद लयीत तेवढ्याने आवाज फाटलेला ऐकू येतो. म्हणून जाणती मंडळी हलगी मधोमध ठेवतात.

लाजेचं काय, असं कुणी विचारील. शेजारीण हसते, पोरं म्हणतात, "दादा आता नाचायला लागले." आषाढीला पंढरीच्या वाटेवर उभे राहून बघा. सत्तरीचे वारकरी गळ्यात टाळ घालून पावली खेळतात, पुढं जातात, मागं येतात, उडी घेतात. त्यांना कुणी हसत नाही. मंगळागौरीला झिम्मा-फुगडी घालणाऱ्या आज्या आपण पाहतो. शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे. त्यांनी 'महाराष्ट्राची लोकधारा' या कार्यक्रमातून गावोगावचे नाच शहरच्या रंगमंचावर नेले, आणि लोकांनी तिकीट काढून ते पाहिले. आपलंच पाऊल आपल्या अंगणात टाकायला लाज कसली? मात्र दारू पिऊन ओळीत शिरणाऱ्याला उस्तादाने हाताला धरून बाहेर काढावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या हातातला दांडा शेजाऱ्याच्या तोंडावर बसतो.

घरातलं कुणी सोबत मिळालं तर फार बरं. नवरा-बायको, बाप-लेक, दोघी जावा समोरासमोर उभ्या राहा आणि आठाचं पाऊल टाका. एक पुढं येईल तेव्हा दुसरी मागं जाईल. समोरासमोर असल्यामुळे एकीने उजव्याने सुरुवात करावी, दुसरीने डाव्याने. म्हणजे दोघींचे पाय एकाच बाजूला पडतात आणि कुणाचा पाय कुणावर पडत नाही. आकडे मोठ्याने म्हणायचं काम घरातल्या शाळकरी पोराला द्या. त्याला मास्तरकी आवडते.

जत्रा झाली की लेझीम ओल्या हाताने कोपऱ्यात टाकू नका. चकत्या कोरड्या फडक्याने पुसा, साखळीला तेलाचा हात फिरवा, दांड्याची भोकं सैल झाली असतील तर सुताराला दाखवा, आणि ती उंच खुंटीला, धुरापासून लांब टांगून ठेवा.