नाण्यावरची बैठी स्त्री

प्रश्न : घरातल्या जुन्या रोमन चांदीच्या नाण्यावर बसलेली स्त्री लक्ष्मी आहे का? नाणे चिंचेने उजळून देव्हाऱ्यात ठेवावे का? – एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : ती लक्ष्मी नव्हे. आपल्याच शहरातील यशवंतपूर येथे १८९१ मध्ये ‘देनारियस’, म्हणजे रोमन चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला होता. दर्शनी बाजूस सम्राट तिबेरियसचे मुख असल्यास, मागील बाजूची राजदंड व फांदी धरलेली स्त्री शांतिदेवता किंवा सम्राटमाता लिव्हिया मानली जाते. देव्हाऱ्यात ठेवण्यास हरकत नाही. मात्र चिंचेने घासल्यास नक्षी झिजते, तेव्हा तो मोह टाळावा. या प्रकाराच्या नकलाही पुष्कळ असल्याने नाणे आधी जाणकारास दाखवावे, आणि ते अस्सल ठरल्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे परदेशी पाठवता येणार नाही.