विंडोज उघडले, तरी गेम का अडतो?

प्रश्न : रायझन ५ ५६०० ला ४.६ गिगाहर्ट्‌झ दिले. विंडोज नीट सुरू होते, पण गेम मध्येच बंद पडतो. प्रोसेसर जळाला का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घाबरू नका, जळलेल्या प्रोसेसरवर विंडोज उघडलेच नसते. पण विंडोज उघडताना प्रोसेसरवर ताण फारसा नसतो. ती स्थिरतेची कसोटी नव्हे; गेममध्ये ताण वाढला की वाढवलेला वेग टिकत नसावा. बायोसमध्ये सगळे मूळ सेटिंगवर आणा. मग २५-२५ मेगाहर्ट्‌झने चढा, दर पायरीला सिनेबेंच ही ताणचाचणी अर्धा तास, शेवटी ओसीसीटी ही दुसरी चाचणी तासभर चालवा. या चिपची तापमानमर्यादा ९० अंश. तुम्ही ८५ च्या आत राहा. गेम अडला की व्होल्टेज वाढवायचा मोह होतो. सोबत आलेल्या कूलरवर तो आवराच, कारण त्याने उष्णताही वाढते. मला विचाराल तर पीबीओ (प्रोसेसरने स्वतःच वेग वाढवण्याची सोय) चालू करून त्यातले व्होल्टेज कमी करणारे कर्व्ह ऑप्टिमायझर उणे १० ठेवणे नवशिक्याला जास्त सोयीचे. मात्र यातून झालेले नुकसानही वॉरंटीत बसत नाही.