गहाण सुटेपर्यंतचा संसार



घरकुलाचे पैसे मिळतात, पण तेवढ्यात घर पुरं होत नाही, हे आपल्याला आता सांगायला नको. स्लॅब वाढवला, न्हाणी बांधली, दारं-खिडक्या बसवल्या, की उरलेल्या कामासाठी घरच गहाण ठेवून बँकेचं नाहीतर पतसंस्थेचं कर्ज निघतं. कुणाचं वावर लेकीच्या लग्नापायी गहाण पडतं, कुणाचं दवाखान्यापायी. कागदावर सह्या दोघांच्याही असतात. पण कर्ज किती वर्षांचं, व्याज काय दरानं, आजवर किती फिटलं, हे बाईला विचारलं तर ती म्हणते, "मालकालेच माहीत." काटकसर मात्र तिच्याच वाट्याला येते. तेल कमी घाल, दूध बंद कर, औंदा माहेरी जाऊ नको.

आणि एवढं करूनही कर्ज जागचं हलत नाही. का हलत नाही, ते या पाठात पाहू. पोटाला चिमटा घेऊन वाचवलेला पैसा मुद्दलापर्यंत पोहोचतच नाही, वाटेतच कुठंतरी जिरतो, हे त्याचं कारण. तो मुद्दलापर्यंत न्यायचा कसा, एवढंच आज शिकायचं आहे.

आधी हिशेब

समजा घरावर २ लाखांचं कर्ज आहे, व्याज वर्षाला १२ टक्के, मुदत ५ वर्षं. महिन्याचा हप्ता ४,४४९ रुपये येतो. पहिल्या महिन्याचं व्याज २,००० रुपये. म्हणजे भरलेल्या ४,४४९ मधले २,४४९ च मुद्दलात गेले. वर्षभर एकही हप्ता न चुकवता आपण ५३,३८८ रुपये भरतो आणि मुद्दल कमी होतं फक्त ३१ हजारांच्या आसपास. पासबुक पाहून पुष्कळजणींना वाटतं की बँकेनं फसवलं. फसवलं नाही, सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठाच असतो.

पण याच गोष्टीचा आपल्याला फायदाही घेता येतो. सुरुवातीलाच मुद्दलात जादा रक्कम टाकली, तर तिच्यावरचं पुढच्या सगळ्या वर्षांचं व्याज टळतं. वरच्याच कर्जात पहिलं वर्ष संपताना हप्त्याशिवाय २० हजार रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर पुढचे ७ हप्ते कमी होतात. ७ हप्ते म्हणजे ३१ हजारांच्या वर. भरले २० हजार, वाचले ३१ हजार. हेच २० हजार शेवटच्या वर्षी भरले तर फायदा फार थोडा.

जादा पैसे भरताना बँकेला साध्या अर्जावर लिहून द्या: "ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी." अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी सांगून भागत नाही. माणसाच्या स्वतःच्या नावावर बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज असेल, तर आगाऊ भरण्यावर बँकेला दंड लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत. तिथं करारपत्र कुणा शिकलेल्या पोराकडून नीट वाचून घ्या, मगच पैसे न्या.

हप्ते बारा, पैसा पाच महिने

नोकरदाराच्या घरी दर महिन्याला पगार येतो, म्हणून त्याला दर महिन्याचा हप्ता जमतो. आपल्याकडे तसं नाही. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास, मग कापसाचे वेचे, पुढं तूर, त्यामागून हरभरा. मार्चनंतर खळं रिकामं. जून लागला की बियाणं, खत, पोरांच्या वह्या-पुस्तकं. आखाडी ते पोळा हा काळ कसा जातो, ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे, आणि हप्ता थकतो तोही याच काळात.

म्हणून कापसाचे चुकारे ज्या दिवशी हातात येतील, त्याच दिवशी जून ते नोव्हेंबरचे सहा हप्ते वेगळे काढायचे. आपल्या उदाहरणात ते २६,६९४ रुपये होतात. हे पैसे घरात डब्यात ठेवू नका. डब्यातला पैसा पाहुण्यापुढं, सणापुढं, कुणाच्या तरी अडीनडीपुढं टिकत नाही. त्याच बँकेत दुसरं बचत खातं काढा, त्याला घरात "हप्त्याचं खातं" म्हणा, आणि हप्ता तिथूनच जाईल अशी सूचना बँकेला द्या.

जादा रक्कम भरायची ती हे सहा हप्ते बाजूला पडल्यावर. हा क्रम उलटा करू नका. मुद्दलात भरलेला पैसा परत मागता येत नाही. श्रावणात लेकरू आजारी पडलं आणि हाताशी काही नसलं, तर माणूस सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो. शेकडा ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के. १२ टक्क्यांचं कर्ज लवकर फेडायच्या नादात ३६ टक्क्यांचं डोक्यावर घेणं हा कुठला शहाणपणा?

आपल्या गटाचं कर्जही विचार करून घ्या, हे गटाच्या पत्रिकेतच लिहायला मला संकोच वाटत नाही. गटात महिन्याला २ टक्के व्याज असेल तर ते वर्षाला २४ टक्के होतं. ते व्याज गटातच राहतं, आपल्यालाच मिळतं, हे खरं. पण घराचा हप्ता भरायला गटातून उचल घेणं म्हणजे स्वस्त कर्ज महाग कर्जानं फेडणं. गटाचं कर्ज शेळी घ्यायला, शिलाई मशीन घ्यायला, बियाण्याला, म्हणजे ज्यातून चार पैसे परत येतील अशा कामाला घ्या.

कुठं आवरायचं

किराण्याच्या उधारीपासून सुरुवात करू. उधारीच्या दुकानात भाव विचारायची सोय नसते. तो लावेल तो भाव, तो देईल तो माल. व्याज कुठं लिहिलेलं दिसत नाही, पण ते डाळीच्या, तेलाच्या भावातच असतं. म्हणून सोयाबीनच्या पैशातून आधी दुकानाचं खातं चुकतं करा आणि पुढं आठवडी बाजारात रोखीनं घ्या. रेशनचं धान्य जानेवारी २०२३ पासून अन्न सुरक्षा यादीतल्या कुटुंबांना मोफत आहे. ते दर महिन्याला उचला आणि पावतीवरचे किलो घरी आल्यावर मोजून पाहा.

तूर पूर्ण विकू नका. जानेवारीत तूर विकायची आणि जुलैत दुकानातून डाळ आणायची, यात दोन्ही वेळा आपलंच नुकसान. एक क्विंटल तुरीची साधारण ६५ ते ७० किलो डाळ पडते, पाच माणसांच्या घराला ती बेतानं वर्ष काढते. चुरी ढोरांना होते. पावसाळ्यात तरोटा आहे, अंबाडी आहे, बांधावर कटुले आहेत. न्हाणीच्या पाण्यावर वांगी, वाल, दोडक्याचे वेल धरतात, त्यांना वेगळं पाणी लागत नाही. पराटीचं जळण फुकट मिळतं म्हणून अंगणात तिचा ढीग वर्षभर ठेवतात, तो मात्र ठेवू नका. वाळल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या कपाशीवर येते. तिथं वाचवलेलं सरपण वावरात दामदुपटीनं महाग पडतं.

आता खर्ऱ्याबद्दल. घराघरांत दूध बंद होतं, खर्रा बंद होत नाही. दिवसाला दोन पुड्या, एक पुडी २० रुपयांची धरली, तर रोजचे ४०, महिन्याचे १,२००, वर्षाचे १४,६००. आपण वर पाहिलेल्या २० हजारांतले पाऊण हिस्से इथंच सापडले. आपल्यातल्याही काहीजणी खर्रा खातात, तोही हिशेबात मांडा, नाहीतर घरधन्याशी बोलायला तोंड राहत नाही. बोलताना भांडण नको. एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर कर्जाचं पासबुक मधे ठेवा, शाळेतल्या लेकराला वही घेऊन बसवा आणि त्यालाच मांडू द्या: व्याज किती गेलं, मुद्दल किती उरलं, खर्रा किती, मोबाइलचा रिचार्ज किती, लग्नातले आहेर किती, दारावर हप्त्यानं घेतलेल्या साड्या-भांडी किती. लेकराच्या अक्षरात लिहिलेला आकडा बाप टाळत नाही. दोन पुड्यांची एक झाली, तरी वर्षाला ७,३०० रुपये हप्त्याच्या खात्यात जातात. बंदच झाली तर सोन्याहून पिवळं, तोंडाच्या कॅन्सरची भीतीही कमी होईल.

कुठं हात लावायचा नाही

बाईच्या ताटाला. सगळ्यांचं झाल्यावर भांड्यात जे उरेल ते खायचं, या सवयीला आपण काटकसर म्हणत आलो. वरण उरलं नाही तर चटणी-भाकर. अशानं रक्त कमी होतं, चक्कर येते, आणि ऐन वेचणीत आठ दिवस अंथरुण धरावं लागतं. बुडालेली रोजी आणि औषधाचा खर्च धरला तर वाचवलेल्या वरणाचा भाव फार मोठा लागतो. कर्ज असलेल्या घरात कमावणारी दोन माणसं हीच खरी ठेव आहे. तेव्हा वरण सगळ्यांच्या ताटात एकाच वेळी वाढा, स्वतःच्याही.

विम्याला हात लावू नका. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत (वय १८ ते ५०) आणि सुरक्षा विमा २० रुपयांत (वय १८ ते ७०) मिळतो. दोन्ही मिळून ४५६ रुपये. जीवन ज्योतीत कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तर वारसाला २ लाख मिळतात, सुरक्षा विम्यात अपघाती मृत्यूला २ लाख. नवरा-बायको दोघांचाही काढा. पैसे मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून कापले जातात, नेमकं तेव्हाच आपलं खातं रिकामं असतं, म्हणून ही रक्कम आधीच ठेवा. कर्ता माणूस गेल्यावर घर गहाण असल्याचं बाईला पहिल्यांदा कळतं, असं आपल्या जिल्ह्यानं फार पाहिलंय. त्यावर जास्त लिहीत नाही.

आजारपणात खासगी दवाखान्यात धावायच्या आधी सरकारी दवाखाना पाहा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रांत, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. आणि पोरीची शाळा थांबवून हप्ता भरू नका. तो पैसा थोडा असतो, नुकसान जन्माचं.

हप्ता खरंच जमत नसेल तर

गारपीट झाली, कापूस लाल पडला, कुणी अंथरुणाला खिळलं, तर एखाद्या वर्षी नाहीच जमत. अशा वेळी बँकेचा फोन टाळू नका. ९० दिवस थकबाकी राहिली की खातं एनपीएत जातं आणि पुढचे मार्ग आखडतात. त्याआधी स्वतः शाखेत जा, अर्ज द्या, मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का ते विचारा. एकटीला धीर होत नसेल तर गटातली एखादी ताई नाहीतर बँक सखी सोबत न्या. कर्जमाफी येईल म्हणून घराचा हप्ता थांबवू नका. २००८, २०१७ आणि २०१९ च्या तिन्ही कर्जमाफ्या शेतीकर्जाच्या होत्या, घरकर्जाला त्यात जागा नव्हती.

सावकाराकडे जायचीच वेळ आली तर परवाना पाहा. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारासाठी शासनानं दर ठरवून दिले. शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के. कुणी गहाणखताऐवजी वावराचं खरेदीखत मागत असेल, "पैसे दिले की पलटवून देऊ" असं तोंडी म्हणत असेल, तर सही करू नका. परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर कायदा त्याला गहाण मानत नाही, ती विक्रीच ठरते. अवैध सावकारीची तक्रार यवतमाळच्या जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात करता येते.

शेवटच्या हप्त्यानंतर

शेवटचा हप्ता भरला, पेढे वाटले, की काम संपलं असं समजतात. कागद बँकेतच राहतात. बेबाकी दाखला मागा. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची, उशीर बँकेकडून झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. वावर गहाण असेल तर दाखला तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा कमी करून घ्या आणि नवा उतारा काढून डोळ्यांनी पाहा. घराचा बोजा मिळकत पत्रिकेवर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर असेल तर तोही. त्याच खेपेत ग्रामपंचायतीत घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करायचा अर्ज देऊन टाका.

पुढच्या बैठकीला येताना ज्यांच्या घरावर किंवा वावरावर गहाण आहे, त्यांनी कर्जाचं पासबुक सोबत आणावं. घरी मागितल्यावर कुणी "तुले काय करायचं" म्हटलं, तर सांगा की गटात अभ्यास आहे. त्यावरून मुद्दल किती, व्याज किती आणि सहा हप्त्यांची रक्कम किती, हे तिन्ही आकडे आपण वहीत लिहू.