मिरचीचा पाला आणि हाडांचे बळ

मिरचीचा शेवटचा तोडा झाला की झाडे उपटून बांधावर टाकावयाची, ही आपली रीत. कोरियात मात्र हाच कोवळा पाला उकळत्या पाण्यातून काढून भाजी म्हणून खातात. फिलिपाइन्समध्ये तो कोंबडीच्या रश्श्यात पडतो. या पाल्याने हाडे बळकट होतात, असे अलीकडे बोलले जाते. त्यात तथ्य किती, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

मिरचीच्या पानांत ल्युटिओलिन व अपिजेनिन ही द्रव्ये शर्करेशी संयुक्त होऊन राहतात. त्यांच्या वर्गास फ्लॅव्होनॉइड म्हणतात. उन्हातील अतिनील किरणांपासून पानाचे रक्षण करणे हे त्यांचे एक कार्य होय. आता हाडाकडे वळू. हाड निर्जीव नव्हे. काही पेशी जुने हाड कोरून काढतात, काही नवे बांधतात. उतारवयात, विशेषतः स्त्रियांचा मासिक ऋतू थांबल्यावर, कोरणे बांधण्याच्या पुढे जाते. ल्युटिओलिन कोरणाऱ्या पेशींस आवर घालते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. अंडाशये काढलेल्या उंदरांच्या माद्यांतही झीज कमी आढळली. परंतु तेथे शुद्ध द्रव्य मोजून दिलेले असते. भाजीतून गेलेल्या द्रव्याचे आतड्यात व यकृतात बरेच रूपांतर होते. सबब उंदरावरून माणसाचा हिशोब मांडणे आम्हांस धाडसाचे वाटते.

असे एकदा घडलेही आहे. हंगेरीत सेंट-ग्यॉर्गी यांनी पाप्रिका मिरचीतून विपुल क जीवनसत्त्व काढले व १९३७ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. १९३६ साली त्यांनीच फ्लॅव्होनॉइडांस 'पी जीवनसत्त्व' म्हटले होते. १९५० साली ते नाव टाकून देण्याची शिफारस झाली. एवढ्या पंडिताचे असे, मग पाल्याची पूड विकणाऱ्याची काय कथा!

पाला खावयाचाच तर परसातील, फवारणी न झालेल्या झाडाचा खावा. फुलकिड्यांवरील आंतरप्रवाही औषधे पानात भिनतात, धुण्याने जात नाहीत. डब्यावर छापलेले तोडणीपूर्वी थांबण्याचे दिवस फळासाठी असतात, पाल्यासाठी नव्हेत. शेळ्यांपुढे पाला टाकतानाही हे ध्यानी असावे. हाडांसाठी नाचणी अधिक भरवशाची. तिच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. आणि घरातील वृद्ध स्त्रीचे मनगट किरकोळ पडण्याने मोडले, तर पाला उकळीत न बसता डॉक्टरांकडून हाडांची तपासणी करून घ्यावी.