ब्राउझर परका का दिसतो?

प्रश्न : भंडारदऱ्याला आमचे तंबू-निवास आहे. काजव्यांच्या हंगामात बुकिंग वडील बघतात. लॅपटॉपवर उबुंटू आहे, पण क्रोमचे रंग आणि बटणे बाकी खिडक्यांशी जुळत नाहीत. वडील गोंधळतात. काय करावे?
– एक वाचक, शेंडी (ता. अकोले)

उत्तर : लॅपटॉपमध्ये बिघाड नाही. एकच ब्राउझर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालवायचा, म्हणून तो आपली बटणे स्वतःच रंगवतो.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘अपिअरन्स’ उघडा. थीमसमोर ‘यूज जीटीके’ निवडा. रंग उबुंटूचे होतील. तिथेच ‘यूज सिस्टम टायटल बार अँड बॉर्डर्स’ चालू करा, म्हणजे खिडकी बंद करायचे बटण सगळीकडे सारखे दिसेल. मात्र टॅबच्या वर एक पट्टी वाढते. छोट्या स्क्रीनवर तेवढी जागा जाते.

वडिलांसाठी फायरफॉक्सही बघा. ‘कस्टमाइज टूलबार’मध्ये खाली ‘टायटल बार’वर खूण करा आणि सेटिंग्जमधून भाषा मराठी करा. मेनू मराठीत आले की निम्मा गोंधळ मिटेल.

उबुंटूच्या जीनोम डेस्कटॉपसाठीच बनवलेला ‘एपिफनी’ ब्राउझर सर्वांत घरचा दिसतो. पण असे ब्राउझर छोट्या चमूंवर चालतात. खास मॅकसाठीचा ‘कॅमिनो’ वेबच्या वेगाशी जुळवून घेता न आल्याने 2013 मध्ये बंद पडला. म्हणून पैसे भरण्याच्या साइट आधी तपासून घ्या.

रूप बदलून देणारी एक्स्टेन्शन्स मात्र टाळा. ‘सर्व साइटवरील माहिती वाचण्याची’ परवानगी मागणाऱ्याला ग्राहकांचे तपशील दिसू शकतात.