दारिद्र्य व आळस

गेल्या सत्रात इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांना आम्ही 'आपल्या भागातील दारिद्र्य' हा विषय निबंधासाठी दिला होता. 42 वह्या तपासल्या. बहुतेक वह्यांत एकच विधान थोड्याफार फरकाने आढळले : गरीब लोक आळशी असतात, लग्नकार्यात उधळपट्टी करतात, म्हणून ते गरीब राहतात. मुलांना हे कोठून सुचले? वडील माणसांच्या बोलण्यातूनच, हे उघड आहे. म्हणून हा लेख जितका विद्यार्थ्यांसाठी तितकाच त्यांच्या पालकांसाठीही आहे.

एका वहीत मात्र निराळा मजकूर होता. "माझे आईवडील पहाटे तीन वाजता उसाच्या फडात जातात. ते आळशी नाहीत. पण उचल आधीच घेतलेली असते." एवढ्या तीनच ओळी. हा मुलगा जत तालुक्यातील असून वसतिगृहात राहतो. दिवाळीच्या सुटीनंतर तो दरवर्षी पंधरवडाभर उशिरा येतो, कारण आईवडिलांबरोबर जाऊन फडाजवळ कोपी उभारून द्यावयाची असते. त्याच्या प्रगतिपुस्तकात आम्हीच 'अनियमित. अभ्यासात हयगय' असा शेरा लिहिला होता. तेव्हा आमच्या वर्गाची समजूत ही आमचीही समजूत होती, हे कबूल केले पाहिजे.

उचल म्हणजे काय, हे शहरातील वाचकांस सांगणे अवश्य आहे. नवराबायकोच्या जोडीस 'कोयता' म्हणतात. हंगामापूर्वी मुकादम या जोडीस आगाऊ रक्कम देतो व ती ऊस तोडून फेडावयाची असते. पावसाळ्यात घरी धान्य नसते, म्हणून ती घेणे भाग पडते. मध्येच कोणी आजारी पडले किंवा हंगाम लवकर आटोपला, तर उरलेली बाकी पुढील वर्षावर जाते. अशा रीतीने काम सुरू होण्यापूर्वीच मजुरी खर्च झालेली असते. येथे आळसाला जागा तरी कोठे आहे?

घरी धान्य का नसते? सातारा जिल्ह्याचा नकाशा समोर घ्यावा. पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षाला 200 इंचांहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस माण तालुक्यात तो 20 इंचांच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. सांगलीकडील आटपाडी व जत यांची स्थिती अशीच. कृष्णाकाठचा शेतकरी व माणदेशचा शेतकरी यांच्या स्वभावात एवढे अंतर असेल काय, की एकाने सधन व्हावे व दुसऱ्याने मेंढरे घेऊन देशोधडीस लागावे? खानापूर, आटपाडी, खटाव या तालुक्यांतील शेकडो कुटुंबे दुष्काळामुळे घराबाहेर पडली व सोनेचांदी गाळण्याचा गलाई व्यवसाय करीत भारतातील दूरदूरच्या शहरांत स्थिरावली. माणसे तीच, भूमी मात्र बदलली. पुढे अनेक ठिकाणी उपसा सिंचनाचे पाणी आले, तेव्हा ज्यांना आळशी म्हटले जात होते त्यांच्याच शिवारात द्राक्षे व डाळिंबे दिसू लागली.

आता लग्नातील उधळपट्टीचा आक्षेप. तो फार जुना आहे. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली व दंगे पसरले. त्याच वर्षी त्यांचे लोण कुकरूड येथेही पोहोचले. हे गाव आज सांगली जिल्ह्यात असले, तरी तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडत होते. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. रयतेच्या कर्जास लग्नाचा खर्च कारण आहे, असे त्या काळचे पुष्कळ अधिकारीही म्हणत. आयोगाने बारकाईने पाहिले, तो निष्कर्ष वेगळा निघाला : लग्नखर्चास वाजवीपेक्षा अधिक महत्त्व देण्यात आले आहे, असे प्रसंग क्वचित येतात, आणि धान्य, बियाणे, बैल व सरकारी सारा यांसाठी वारंवार काढावी लागणारी लहान लहान कर्जेच अधिक फुगतात. शिवाय 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आपल्याकडील कापसाचे भाव चढले आणि युद्ध संपताच कोसळले. त्या युद्धाशी दख्खनच्या कुणब्याचा काय संबंध होता? तरी त्याचे देणे त्याच्या माथी बसले. पुढे 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला.

व्यसनाने घरे बुडतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु व्यसनी व आळशी माणसे श्रीमंतांतही असतात. त्यांची घरे वडिलार्जित इस्टेटीमुळे तरतात, इतकेच.

'काम दिले तरी हे लोक करीत नाहीत' असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण घराजवळचेच आहे. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग त्यांनी 1965 साली विसापूरच्या परिसरात करून पाहिला. पुढे 1972 चा भीषण दुष्काळ पडला. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात सुमारे 50 लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती : भर उन्हात खडी फोडणारी, माती वाहणारी, आणि त्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने. रोजगार हमीचा कायदा 1977 साली संमत झाला व 26 जानेवारी 1979 पासून अंमलात आला. या योजनेच्या खर्चासाठीच 1975 साली व्यवसायकर बसविण्यात आला होता. आमच्या वेतनातून तो कापला जातो तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुरकुर होते, आणि तीत आमचाही आवाज असतो.

त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकातील शेरा आम्ही खोडला असून शेजारी आपली सही केली आहे. पालकांच्या सहीची जागा अद्याप रिकामी आहे. हंगाम संपावयास अजून अवकाश आहे.